चार्जरला ना स्क्रू, ना ग्लू, मग तो बंद कसा होतो? आवाजाने प्लास्टिक जोडणाऱ्या मशीनची गोष्ट

मोबाईलचा चार्जर हातात घ्या आणि नीट बघा. बहुतेक चार्जरना कुठेच स्क्रू दिसत नाही. दोन भाग जिथे मिळतात तिथे नख फिरवलं तर बारीक रेघ लागते, पण ती काही केल्या उघडत नाही.

मध्यंतरी माझा चार्जर बंद पडला. दुरुस्तीच्या दुकानात नेला, तर दुकानदाराने तो फिरवून पाहिला आणि म्हणाला, "हा वेल्डिंगचा आहे, फोडावा लागेल."

प्लास्टिकला वेल्डिंग? आणि तेही ठिणगी न उडता?

तर हे वेल्डिंग होतं आवाजाने. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, त्याच्या पुढचा तो अल्ट्रासोनिक. कारखान्यात एका जागी बसवलेली मोठी मशिन्स बऱ्याचदा २० हजार हर्ट्झवर चालतात. हातात धरून वापरायची मशिन्स मात्र २८, ३५ किंवा ४० हजारांवर. असं का, ते पुढे येतंच.

हातातलं मशीन दिसायला ड्रिलसारखं किंवा जाड टॉर्चसारखं असतं आणि वायरने एका डब्याला जोडलेलं असतं. डब्याला जनरेटर म्हणतात, पण तो वीज तयार करत नाही. घरातली २३० व्होल्टची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, हा डबा तीच वीज सेकंदाला २८ हजार किंवा ४० हजार आवर्तनांवर नेतो.

तिथून वीज जाते सिरॅमिकच्या चकत्यांकडे. त्या समजून घ्यायच्या तर स्वयंपाकघरातला टक् वाजणारा गॅस लायटर आठवा. त्यात ना सेल असतो ना वायर. बटण दाबलं की आतली छोटी हातोडी एका सिरॅमिकच्या तुकड्यावर आपटते आणि त्या दाबाने वीज तयार होऊन ठिणगी पडते. याला पीझोइलेक्ट्रिक परिणाम म्हणतात. पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी तो १८८० मध्ये शोधला. (हो, मेरी क्युरी यांचे पती तेच हे पिएर.) वेल्डिंग मशीनमध्ये हाच लायटर उलटा चालतो. चकतीला वीज दिली की ती फुगते आणि आकसते, सेकंदाला हजारो वेळा.

पण हे फुगणं-आकसणं अगदी किरकोळ असतं. ते वाढवतो पुढचा धातूचा दांडा, त्याला हॉर्न म्हणतात. गाडीच्या हॉर्नशी याचा संबंध नाही. टायटॅनियम किंवा ॲल्युमिनियमचा हा दांडा टोकाकडे निमुळता होत जातो, त्यामुळे कंपन टोकाशी मोठं होतं. मोठं म्हणजे तरी किती, तर ढोबळमानाने केसाच्या जाडीच्या आसपास.

हॉर्नची लांबीही मनाला येईल तशी ठेवता येत नाही. ती आवाजाच्या अर्ध्या तरंगाइतकी असावी लागते, तरच दांडा घंटेसारखा नेमका घुमतो. या धातूंमधून आवाज सेकंदाला साधारण ५,००० मीटर जातो. हिशोब केला तर २० हजार हर्ट्झला हॉर्न साडेबारा सेंटीमीटरचा लागतो, ४० हजारांना सव्वासहा. चकत्यांचा भागही त्याच प्रमाणात लहान होतो. म्हणून हातातलं मशीन वरच्या हर्ट्झचं. बदल्यात ताकद कमी मिळते.

आता प्लास्टिक वितळतं कसं? सोल्डरिंग गनसारखं हॉर्नचं टोक तापवलेलं नसतं. तार तोडायची म्हणून तुम्ही ती एकाच जागी वाकवत राहता, तेव्हा तिथे चटका बसतो, बघा. बाहेरून कोणी उष्णता दिली नाही, धातू आतून तापला. प्लास्टिकचंही तसंच. कंपन वरच्या भागातून आरपार जाऊन जोडापर्यंत पोहोचतं. जोडाच्या एका बाजूला मुद्दाम एक बारीक तिकोनी कड साच्यातच काढलेली असते. सगळा जोर त्या कडेच्या टोकावर येतो, तीच सेकंदभरात वितळते आणि दोन्ही भागांत पसरते. आवाज थांबला तरी क्षणभर दाबून धरायचं. थंड झालं की दोन्ही भाग एक.

हा शोधही हातातल्याच यंत्राने लागला, असं सांगतात. १९६० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट सोलॉफ अल्ट्रासोनिक यंत्रावर काम करत होते. तोवर त्याने प्लास्टिकचे पातळ पापुद्रेच जोडले जात. सोलॉफ यांच्या हातातलं यंत्र चुकून टेबलावरच्या चिकटपट्टीच्या प्लास्टिक स्टँडला लागलं आणि त्याचे दोन भाग जोडले गेले. म्हणजे जोडावरच टोक ठेवायची गरज नव्हती, कंपन कडक प्लास्टिकमधून प्रवास करत होतं. १९६५ मध्ये सोलॉफ आणि सीमूर लिन्सली यांना पेटंट मिळालं.

मात्र प्रत्येक प्लास्टिक याला दाद देत नाही. कुकरच्या हँडलचं बेकेलाइट एकदा घट्ट झालं की वितळतच नाही. एबीएस, पॉलिकार्बोनेट ही कडक मंडळी सोपी. बादलीचं पॉलिप्रोपिलीन मऊ, ते कंपन वाटेतच गिळून टाकतं, त्यामुळे जोड टोकाच्या अगदी जवळ हवा. दोन वेगळ्या जातींची प्लास्टिकं तर बहुतेक वेळा जुळतच नाहीत.

शिवाय हाताचा दाब कधी सारखा राहत नाही. म्हणून लांब जोड मोठ्या मशीनवर होतात आणि हातातलं मशीन ठिपक्याठिपक्यांच्या कामाला लागतं. मास्कच्या कानाच्या दोऱ्या किंवा गाडीच्या दरवाजाच्या आतलं पॅनल, ही त्याची कामं.

रीलमध्ये फुटलेला बंपर जोडणारी गन दिसते, तिच्या टोकाला नागमोडी तार लाल होते. ती अल्ट्रासोनिक नाही, मग खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. ती तापलेली पिन प्लास्टिकमध्ये रुतवते. पॉलिप्रोपिलीनच्या बंपरला खरं तर तीच जास्त कामाची. खरं अल्ट्रासोनिक मशीन वापरणाऱ्यांनी चालू हॉर्नला बोट लावायचं नाही, चटका आतपर्यंत बसतो. आणि कानाला संरक्षण हवं, कारण जोडायची वस्तू स्वतः थरथरून ऐकू येईल अशी किंचाळते.

माझ्या चार्जरचं पुढे काय झालं? दुकानदाराने तो शिकंज्यात हळूच दाबला, कट्ट आवाज झाला. आतला एक कपॅसिटर फुगला होता, बदलायला फार पैसे लागले नसते. पण ती तिकोनी कड एकदाच वितळण्यापुरती असते, त्यामुळे डबा पहिल्यासारखा बंद होणार नव्हता. २३० व्होल्टची वस्तू चिकटपट्टी लावून देणार नाही, असं म्हणून त्याने ती टेबलाखालच्या खोक्यात टाकली. खोकं जवळजवळ भरलेलं होतं.