यादवी युद्ध १८६१ चं, पण वाचायला १८४६ पासून घ्या

अमेरिकन यादवी युद्धाची कारणं शोधताना बहुतेक जण फोर्ट सम्टरवरच्या तोफांपासून, म्हणजे एप्रिल १८६१ पासून सुरुवात करतात. तुम्ही पंधरा वर्षं मागे जा. ऑगस्ट १८४६. मेक्सिकोशी युद्ध सुरू होऊन जेमतेम तीन महिने झालेत. राष्ट्राध्यक्ष पोल्क वाटाघाटींसाठी वीस लाख डॉलर मागतात, आणि त्यांच्याच पक्षाचा डेव्हिड विल्मॉट त्या विधेयकाला दुरुस्ती सुचवतो: मेक्सिकोकडून मिळणाऱ्या प्रदेशात गुलामगिरी नको. प्रतिनिधिगृहात ती मंजूर झाली, सिनेटमध्ये अडली. पण निकालापेक्षा कोणी कुठे मत दिलं ते बघा. पक्षाच्या रेषा पुसट होतात आणि उत्तर विरुद्ध दक्षिण अशी फाळणी दिसते. जमीन अजून हातात यायची होती (तह १८४८ चा), भांडण मात्र आधीच सुरू!

आणि हो, विल्मॉटला लगेच गुलामांचा कैवारी ठरवू नका. त्याला ती जमीन गोऱ्या कष्टकऱ्यांसाठी राखायची होती, आणि हे तो उघडपणे सांगायचा. मतदानाच्या नोंदीत हे सापडणार नाही. त्यासाठी त्याची भाषणं काढून वाचावी लागतात.