सेबूचा बाळ येशू आणि सिनुलोग

वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांनी फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला तो मनिला येथे. तेथूनच ते जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर रक्तसाक्षी झाले. फिलिपाईन्सशी आपले नाते असे चारशे वर्षांहून जुने आहे. मात्र तेथील सामान्य माणसाच्या भक्तीची ओळख आपणांस क्वचितच असते. ती करून घ्यावयाची तर जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी सेबू शहरी, सिनुलोग उत्सवास जावे.

या उत्सवाचे मूळ १५२१ सालात आहे. स्पेनच्या राजाच्या वतीने आलेला दर्यावर्दी मॅगेलन सेबूच्या किनाऱ्यास लागला आणि १४ एप्रिल रोजी तेथील राजा हुमाबोन व त्याची राणी यांचा बाप्तिस्मा झाला. बाळ येशूची लाकडी मूर्ती पाहून राणी गहिवरली व तिने रडत बाप्तिस्मा मागितला, असे त्या प्रवासाचा वृत्तान्तकार पिगाफेत्ता लिहितो. ती मूर्ती तिला भेट मिळाली. पुढे तेराच दिवसांनी जवळच्या मॅक्टन बेटावर लापुलापूच्या योद्ध्यांशी लढताना मॅगेलन मारला गेला. लवकरच सेबूकरांशी असलेले सख्यही तुटले आणि उरलेली गलबते निघून गेली. मागे ना धर्मगुरू राहिला, ना मिस्सा, ना धर्मशिक्षण. राहिली ती केवळ मूर्ती.

त्यानंतर ४४ वर्षांनी, १५६५ च्या एप्रिलमध्ये, लेगाझ्पीचे आरमार आले. तोफा डागल्या गेल्या, गाव जळाले. २८ एप्रिल रोजी एका घरात सैनिकाला लाकडी पेटीत तीच मूर्ती सुखरूप सापडली. कोणीतरी ती इतकी वर्षे जपली होती! दुष्काळात पावसासाठी लोक तिला समुद्रस्नान घालीत, असे जुन्या आख्यायिका सांगतात. धर्मशास्त्राच्या काटेकोर कसोटीस ही भक्ती उतरली नसती; परंतु तिला कोणाचीही सक्ती नव्हती. श्रद्धा आणि सत्ता एकाच गलबतातून आल्या हे इतिहासाचे दुःख आहेच. स्पेनची सत्ता १८९८ साली गेली. बाळ येशू मात्र त्या लोकांचाच होऊन राहिला.

मूर्ती सापडली त्या जागी ऑगस्टिनियन संघाने चर्च बांधले. सध्याची दगडी वास्तू अठराव्या शतकातील असून १९६५ साली पोप सहावे पॉल यांनी तिला बॅसिलिकेचा दर्जा दिला. तिच्या प्रांगणात मेणबत्त्या विकणाऱ्या स्त्रिया भाविकाच्या वतीने हातात मेणबत्ती धरून दोन पावले पुढे, एक पाऊल मागे, असे संथ नाचत बाळ येशूकडे मागणे मागतात. सेबूच्या भाषेत ‘सुलोग’ म्हणजे पाण्याचा प्रवाह. त्यावरूनच या नृत्याला ‘सिनुलोग’ हे नाव पडले.

रस्त्यावरील भव्य मिरवणूक ही अगदी अलीकडची. १९८० साली विद्यार्थ्यांची पथके ढोलांच्या तालावर निघाली आणि दुसऱ्याच वर्षी तो शहराचा उत्सव झाला. आज लाखो लोक लोटतात. पथकांच्या स्पर्धा होतात, बक्षिसे दिली जातात. साहजिकच एक प्रश्न उभा राहतो : जे नृत्य प्रार्थना होते, ते परीक्षकांपुढे सादर झाल्यावर प्रार्थनाच राहते काय?

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही. ढोल वाजविणाऱ्या कित्येक तरुणांच्या मनात नवस असतो, हेही खरे. तथापि, ही भक्ती एकदा धर्मगुरूंवाचून टिकली, ती घराघरांतून. रोषणाईने ती टिकविली नव्हती. म्हणून सेबूला जाणाऱ्याने रस्त्यावरील झगमगाटाकडे वळण्यापूर्वी प्रथम बॅसिलिकेच्या प्रांगणात जावे, तेथील एखाद्या वृद्धेकडून मेणबत्ती घ्यावी आणि आपल्यासाठी ती तीन पावले टाकीत असता स्वस्थ उभे राहावे.