रस्त्याची उसळी मोजणारी दांडी

खड्डा पडल्यावर रस्ता म्हातारा झाला म्हणायचं, तर फार उशीर झालेला असतो. भरल्या ट्रकचं चाक गेलं की डांबरी रस्ता मिलिमीटरच्या अंशानं खाली दबतो आणि चाक पुढे सरकताच पुन्हा वर येतो. असं लाखो वेळा झालं की थर शिणतो. त्यात ऊन-हवेनं डांबर वर्षागणिक कडक होत जातं. मग चाकांच्या पट्ट्यात मगरीच्या पाठीसारख्या भेगांची जाळी उमटते, तिच्यातून पाणी आत मुरतं, आणि खड्डा पडतो तो त्याही नंतर. त्यामुळे मोजायला हवी ती ही उसळी.

कॅलिफोर्नियात फ्रान्सिस ह्वीम यांनी 1938 पासून ती मोजायला सुरुवात केली होती. दबणं आणि भेगा यांचं नातं त्यांनीच पुढे 1955 मध्ये ठामपणे मांडलं. पण त्यांचं उपकरण रस्त्यात पुरावं लागे. मोजायची जागा आधी खोदायची, ही मोठीच अडचण होती. मैलोन्‌मैल रस्ता असा तपासणं शक्य नव्हतं.

वाट सापडली आयडाहो राज्यातल्या मॅलड गावाजवळ. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांनी तिथे खास चाचणीचे रस्ते बांधून त्यांवर सतत ट्रक पळवले. या चाचणीच्या काळात, 1950च्या दशकाच्या सुरुवातीला, ए. सी. बेंकेलमन यांनी एक साधी तरफ बनवली. आज आपल्याकडे वापरतात ती दांडी 3.66 मीटर लांबीची असते. टेकूपासून पुढचं टोक 2.44 मीटरवर, मागचं 1.22 मीटरवर. पुढचं टोक ट्रकच्या मागच्या जोडटायरांमधल्या फटीत सरकवायचं, मागच्या टोकाशी डायल गेज. पुढचं टोक जेवढं हलेल त्याच्या निम्मं गेजवर दिसतं, म्हणून आकडा दुप्पट करायचा. ना वीज, ना खोदकाम. एवढ्या थोड्या सामग्रीत एवढं नेमकं काम करणारं दुसरं उपकरण रस्तेबांधणीत मला तरी दिसत नाही.

सुरुवातीला चाक जवळ येताना रस्ता किती दबतो ते बघत. नंतर कॅनडातल्या गुड रोड्स असोसिएशननं उलटी रीत बसवली: ट्रक आधी उभा करायचा, मग हळूच पुढे न्यायचा आणि रस्ता किती वर येतो ते वाचायचं. भारतात हीच रीत रुळली. इंडियन रोड्स काँग्रेसनं 1981 मध्ये तिची संहिता काढली आणि 1997 मध्ये सुधारली. ही संस्था 1934 ची. तिच्यामागे 1927 च्या रस्ते समितीची शिफारस होती आणि त्या समितीचे अध्यक्ष होते मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर.

संहितेत मागच्या एक्सलवर 8170 किलो वजन आणि टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला 5.6 किलो हवा ठरलेली आहे. पहिलं वाचन ट्रक उभा असताना. मग तो 2.7 मीटर पुढे गेल्यावर दुसरं, आणखी 9 मीटर गेल्यावर तिसरं. शेवटच्या दोन वाचनांत 0.025 मिलिमीटरहून जास्त फरक आला, तर दांडीचे पायच दबलेल्या भागात उभे होते असं समजायचं आणि आकड्यात दुरुस्ती करायची. डांबर उन्हात मऊ पडतं, म्हणून रस्त्यात 4 सेंटिमीटर खोल भोक पाडून, त्यात ग्लिसरीन भरून तापमान बघतात आणि आकडा 35 अंश सेल्सियसवर आणतात. माती सगळ्यात दुबळी असते ती पावसाळ्यात, त्यामुळे मोजणी पावसाळा संपता संपता केलेली चांगली. आलेल्या आकड्यांवरून वर डांबराचा किती जाड थर चढवायचा हे ठरतं.

मात्र ही दांडी रस्ता किती दबला एवढंच सांगते. शिणलंय काय, डांबर, खडी की खालची माती, हे तिला कळत नाही. शिवाय रांगणारा ट्रक म्हणजे धावत्या चाकाचा क्षणभराचा ठोका नव्हे. ही उणीव भरून काढली ती वरून वजन टाकणाऱ्या फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटरनं. आपल्याकडे त्याची संहिता 2014 ची. ठोका बसल्यावर ओळीनं ठेवलेले संवेदक दबलेल्या जागेचा सगळा आकार टिपतात आणि त्यावरून प्रत्येक थराची ताकद वेगवेगळी काढता येते.