परिचारिकेची पहिली नेमणूक : निवास आणि भाषा

परिचारिकेच्या व्यवसायाचा इतिहास बहुधा प्रशिक्षण, परीक्षा व नोंदणी ह्या तीन टप्प्यांनी सांगितला जातो. परंतु प्रमाणपत्र हाती आल्यानंतर परक्या शहरात पहिली नोकरी धरणाऱ्या तरुणीपुढे ह्यांहून निराळे दोन प्रश्न उभे राहतात : राहावयाचे कोठे आणि रुग्णाशी बोलावयाचे कोणत्या भाषेत. पहिल्या प्रश्नाची दखल महाराष्ट्रातील संस्थांनी लवकर घेतली. दुसऱ्याच्या वाट्याला तेवढी काळजी आली नाही. सोलापूरच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होते.

‘परिचारिका’ ह्या शब्दाचा संस्कृतातील जुना अर्थ सेविका अथवा दासी असा आहे. घराबाहेर राहून अपरिचितांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीकडे समाज ज्या दृष्टीने पाहत असे, तिची छाया ह्या अर्थावर आहेच. रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर ह्यांच्या प्रयत्नांतून 1909 साली स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने ससून रुग्णालयात शिकणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृहाची सोय केली, तिचे महत्त्व ह्या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. सुरक्षित निवासाची हमी मिळाल्यावाचून विधवांना व मध्यमवर्गीय मुलींना हा मार्ग खुला होणे शक्य नव्हते. पुढे 1946 च्या भोर समितीने देशात सुमारे 43,000 लोकांमागे एक परिचारिका असल्याचे दाखवून दिले, आणि 1947 साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. अशा रीतीने व्यवसायाला संख्येचे व अधिकाराचे अधिष्ठान लाभले.

सोलापुरात मात्र रुग्ण स्वतःच स्थलांतरित होता. 1860 च्या सुमारास रेल्वे आली, 1877 साली पहिली कापडगिरणी निघाली, आणि तेलंगणातून पद्मशाली विणकरांची कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर ह्या भागांत कन्नड पूर्वापार बोलली जातेच. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे अक्कलकोट रस्त्यावर त्याची वसाहत उभी राहिली, व तेथे यंत्रमागांवर चादरी आणि टॉवेल विणले जाऊ लागले. त्याच रस्त्यावरील कुंभारी येथे 2006 साली विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत साकार झाली. कुंभारीतच आता अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. म्हणजे येथे नव्याने येणारी परिचारिका एका स्थलांतराच्या परिणामांना दुसऱ्या स्थलांतराने सामोरी जाते.

यंत्रमागाच्या खडखडाटाने कान मंदावतात, तर कापसाच्या तंतूंनी छाती भरते. ह्या तक्रारी रुग्ण ज्या शब्दांत सांगतो, ते शब्द पाठ्यपुस्तकात नसतात. मराठीत कळ, ठणका, चमक आणि जळजळ ह्या चार भिन्न संवेदना आहेत, आणि शिकलेली ‘वेदना’ त्यांपैकी एकीचाही नेमका पर्याय नव्हे. दुखण्याला तेलुगूत ‘नोप्पि’ आणि कन्नडमध्ये ‘नोवु’ म्हणतात. जळजळीला पहिलीत ‘मंट’, तर दुसरीत ‘उरि’ असा शब्द आहे. विदर्भातून वा कोकणातून आलेल्या मुलीला ह्यांतले काहीच ठाऊक नसते. ‘मंट’ हा शब्द न उमगल्यामुळे छातीतील जळजळ साधे दुखणे म्हणून इंग्रजीत नोंदली गेली, तर डॉक्टरांपर्यंत पोहोचणारे लक्षणच बदलते. शिवाय अननुभवी परिचारिकेचा आत्मविश्वास प्रथम येथेच खचतो, आणि त्या अडचणीला सहज अकौशल्याचे नाव दिले जाते.

ही अडचण दुर्लंघ्य मात्र नाही. सोलापूरचेच डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली चीनमध्ये गेले. तेथे त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली व तिच्यातूनच विद्यार्थ्यांना शिकविले. येथे तर अपेक्षा पुष्कळच लहान आहे. मराठी, कन्नड व तेलुगू ह्या तिन्ही भाषांत वडील बहिणीला ‘अक्का’ म्हणतात, हे इंग्रजी ‘सिस्टर’ स्वीकारताना विसरले गेले. दुखणे, जळणे, घेरी, धाप, भूक, झोप अशा पन्नासेक शब्दांची त्रैभाषिक यादी नेमणुकीच्या पहिल्या आठवड्यात हाती देणे कोणत्याही रुग्णालयाला जड नाही. वसतिगृहाच्या खोलीइतकीच तीही नव्या शहरात पाय रोवण्याची सामग्री होय, आणि परिचर्येच्या इतिहासकाराने तिची नोंद त्याच मालिकेत घ्यावयास हवी.