प्रवास निरोपाचा, फूल गावचे

जालना जिल्ह्यातील राजूर हे गणपतीचे गाव. अंगारकीला तेथे यात्रा लोटते. जास्वंद-दूर्वांचे हार लागतात. दूरच्या भक्ताने ‘आजच हार वाहा’ असे कळविले, तर प्रवास निरोप करतो. फूल गावचेच असते. अमेरिकेतील फूलविक्रेत्यांनी १९१० साली हीच युक्ती तारेच्या साह्याने व्यापारात आणली. एका गावच्या दुकानदाराने मागणी घ्यावी, दुसऱ्या गावच्याने ताजी फुले पोचवावीत, असा त्यांचा संघ होता. संघ म्हटला की आम्हांला कौतुक वाटायचेच!

आपल्याकडची व्यवस्था त्याहून जुनी. गावचा गुरव घरोघर बेल-पत्री पोचवी आणि सुगीला बलुते घेई. पेशव्यांना फुले पुरविणाऱ्या गोऱ्हे घराण्याचे आडनावच ‘फुले’ झाले. जोतीराव त्याच घरातले. बलुत्यात जातीचा जाच होता, त्याचे गोडवे आम्ही गाणार नाही. परंतु पान सुकले म्हणून गुरवाचे सुगीचे धान्य बुडत नसे. आज जी बाई पदरच्या पैशाने फुले घेऊन हार ओवते, तिचा उरलेला हार सायंकाळी कोमेजतो आणि तोटा तिच्याच माथी बसतो. दूरच्या निरोपाबरोबर पैसेही आधी आले, तर निदान तेवढा हार ओवण्यापूर्वीच विकला गेलेला असतो.