देवी : रोगापासून लसीपर्यंत

महाराष्ट्रात ज्या रोगाला ‘देवी’ म्हणत, तो अंगावर उठला की शीतलादेवी घरी आली असे मानले जाई. म्हणून घरात फोडणी बंद होई, रोग्याच्या उशाशी कडुनिंबाचा डहाळा ठेवीत आणि त्याच्याशी मोठ्याने बोलणेही टाळीत. या आचाराला केवळ अंधश्रद्धा म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण ज्या रोगावर औषध नव्हते त्यात रोग्याला विसावा आणि आईला धीर त्यातूनच मिळे. १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नर याने गोस्तन देवीची, म्हणजे गाईच्या आचळांवर उठणाऱ्या सौम्य फोडांची लस टोचून या रोगापासून बचाव होतो हे दाखविले. ती लस बगदाद व बसरामार्गे एका दंडावरून दुसऱ्या दंडावर टोचत मुंबईस पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. भारतातील ही पहिली यशस्वी लस होय. पुढे गावोगाव टोचणारा ‘देवी डॉक्टर’ आला, आणि लोकभाषेने त्याच्या कामाला ‘देवी काढणे’ असे नाव देऊन नव्या उपचारातही जुने दैवत राखले. लस मुळात जखमेतून पाझरणारा द्रव. तोच शब्द पुढे प्रत्येक प्रतिबंधक टोचणीला लागला. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचे निर्मूलन जाहीर केले. लस टोचल्याचा दंडावरचा गोल व्रण मात्र जुन्या पिढीच्या अंगावर अजून आहे.