वाळूजचे बिअर-कारखाने आणि त्यांचे दूरस्थ स्वामी

औद्योगिक इतिहासाचे लेखन बहुधा संस्थापकाच्या चरित्रापासून सुरू होते. किर्लोस्करवाडीचा इतिहास लक्ष्मणराव किर्लोस्करांना वगळून सांगता येत नाही, आणि वालचंदनगरचे तर नावच त्याच्या कर्त्याचे आहे. औरंगाबादच्या, म्हणजे २०२३ पासूनच्या अधिकृत नावाने छत्रपती संभाजीनगरच्या, परिसरात वाढलेल्या बिअर-उद्योगाला मात्र ही पद्धत लागू पडत नाही. येथे कारखाना एके ठिकाणी स्थिर राहिला आणि त्याचे स्वामी मेलबर्न, लंडन, ल्यूव्हेन, ॲम्स्टरडॅम व कोपनहेगन अशा दूरदूरच्या नगरांत बदलत गेले. नेतृत्व बदलले की धोरण बदलते, असे उद्योगशास्त्रात सामान्यतः गृहीत धरले जाते. हे गृहीत वाळूजच्या अनुभवाला कितपत उतरते, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

प्रथम एका कायद्याच्या नावाचा विचार केला पाहिजे. महाराष्ट्रात बिअर गाळण्याचा, साठविण्याचा व विकण्याचा परवाना ज्या कायद्याखाली मिळतो तो कायदा १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा होय. पुढे त्याच्या नावातील ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आले, परंतु ‘दारूबंदी’ हा शब्द कायम राहिला. ज्या शब्दाचा अर्थ निषेध, त्याच शब्दाच्या छत्राखाली अनुज्ञा दिली जाते. शब्दार्थाच्या अभ्यासकाला याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. मराठवाडा १९५६ मध्ये हैदराबाद संस्थानाच्या वारशातून मुंबई राज्यात आला. हैदराबादेत आबकारी हे राज्याच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते आणि लोकांच्या तोंडी शब्दही ‘आबकारी’ हाच होता. त्या प्रदेशाला दारूबंदीचा कायदा लागू झाला तो नंतर. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने मद्यनिषेध हे राज्याचे एक निदेशक तत्त्व ठरविले आहे, आणि सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीने मादक पेयांचे उत्पादन व त्यांवरील शुल्क हे दोन्ही विषय राज्यांच्या स्वाधीन केले आहेत. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हाही पिण्याचे मद्य त्याबाहेरच राहिले.

या घटनात्मक व्यवस्थेचा परिणाम असा, की भारतात बिअरची एक बाजारपेठ नाही. जितकी राज्ये तितक्या बाजारपेठा आहेत. एका राज्यातील माल दुसऱ्या राज्यात न्यावयाचा तर सीमेवर शुल्क पडते आणि स्वस्त पेय महाग होते. यास्तव ज्या कंपनीला महाराष्ट्रात, विशेषतः मुंबई-पुण्यात विक्री करावयाची, तिला महाराष्ट्रात कारखाना असणे जवळजवळ अनिवार्य ठरते. औरंगाबादला हे कारखाने का आले, या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथे आहे. उरलेले निम्मे उत्तर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींत आणि पैठणच्या जायकवाडी धरणात आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या महामंडळाने आधी चिकलठाण्याला व नंतर वाळूजला जमीन, वीज व पाणी उपलब्ध करून दिले. बजाजचा कारखाना वाळूजला १९८५ च्या सुमारास उभा राहिला व वसाहतीला गती आली. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली होती आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. शेतीसाठी बांधलेल्या या धरणातूनच शहराची व उद्योगांची तहान भागविली जाऊ लागली. येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. बिअरचा मुख्य कच्चा माल जे सातू, ते राजस्थान, हरियाणा व पंजाबकडून येते. हॉप्स बहुतांशी परदेशातून येतात. मराठवाड्याच्या भूमीचा या पेयातील वाटा मुख्यतः पाण्याचा आहे.

स्वामित्वाच्या कथेचा एक धागा बंगळूरपर्यंत जातो. टॉमस लीशमन या स्कॉटिश गृहस्थाने दक्षिण भारतातील पाच मद्यकारखाने एकत्र करून १९१५ मध्ये युनायटेड ब्रुअरीज ही कंपनी स्थापन केली. गोऱ्या सैनिकांची गरज भागविणे हाच तेव्हा तिचा व्यवसाय होता. विठ्ठल मल्ल्या यांनी तिचे भाग विकत घेत १९४७ मध्ये संचालकमंडळात पहिले भारतीय म्हणून प्रवेश मिळविला व पुढच्याच वर्षी ते अध्यक्ष झाले. सत्तांतराच्या त्या काळात ग्राहक जहाजांनी परत जात असताना कारखाने विकत घेणे हे धाडसच होते. १९४९ मध्ये न. ना. मोहन यांनी डायर मीकिन ही कंपनी ताब्यात घेतली, त्यामागेही अशीच दृष्टी होती. विठ्ठल मल्ल्या १९८३ मध्ये निवर्तले आणि सत्तावीस वर्षांचे विजय मल्ल्या अध्यक्षस्थानी आले. पित्याचा स्वभाव अबोल, हिशेबी. पुत्राचा उघड प्रदर्शनाचा. मद्याच्या जाहिरातीला मनाई असलेल्या देशात मालकाचे व्यक्तिमत्त्व हीच जाहिरात करण्याची युक्ती पुत्राने योजिली व ती काही काळ विलक्षण यशस्वी ठरली. परंतु २००५ मध्ये सुरू केलेली विमानसेवा २०१२ मध्ये बंद पडली, तिच्या कर्जांनी मूळ व्यवसायातील भाग गिळले, आणि २०१६ च्या मार्चमध्ये विजय मल्ल्या देशाबाहेर गेले. पुढच्या वर्षी सेबीच्या आदेशानंतर युनायटेड ब्रुअरीजचे संचालकपदही गेले.

या अवधीत कंपनीत एक दुसरा भागीदार शांतपणे येऊन बसला होता. स्कॉटिश ॲन्ड न्यूकॅसल या ब्रिटिश कंपनीने घेतलेला मोठा हिस्सा, २००८ मध्ये ती कंपनी हायनेकेन व कार्ल्सबर्ग यांनी वाटून घेतली तेव्हा, हायनेकेनच्या वाट्याला आला. म्हणजे भारतातील सर्वांत मोठ्या बिअर-कंपनीतील डच प्रवेश हा भारतासंबंधीच्या कोणत्याही खास निर्णयाचे फळ नव्हता. युरोपातील एका वाटणीचा तो आनुषंगिक परिणाम होता. औरंगाबादच्या बाबतीत हाच प्रकार आणखी एका वाटेने घडला. सिंगापूरच्या एशिया पॅसिफिक ब्रुअरीजने २००६ मध्ये औरंगाबाद ब्रुअरीज या स्थानिक कंपनीचा बहुसंख्य हिस्सा घेतला. या सिंगापूरच्या कंपनीत हायनेकेनची भागीदारी होतीच. पुढे हा औरंगाबादचा व्यवसाय युनायटेड ब्रुअरीजमध्येच विलीन करण्यात आला.

दुसरा धागा याहून अधिक बोलका आहे. मेलबर्नच्या फॉस्टर्स कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस औरंगाबादेत कारखाना उभारला. उदारीकरणानंतर भारतात आलेल्या परदेशी बिअर-कंपन्यांतील तो एक आरंभीचा प्रयत्न होय. तथापि फॉस्टर्सच्या नेतृत्वाला लवकरच दूरच्या बाजारपेठांचा कंटाळा आला आणि २००६ मध्ये भारतातील व्यवसाय, औरंगाबादच्या कारखान्यासह, सुमारे १२ कोटी डॉलरांना एसएबीमिलरला विकण्यात आला. ही एसएबीमिलर म्हणजे १८९५ मध्ये स्थापन झालेली साउथ आफ्रिकन ब्रुअरीज. वर्णद्वेषाच्या काळात बाहेर पाऊल टाकणे कठीण असल्यामुळे तिने आपल्याच देशात जवळजवळ एकाधिकार मिळविला होता. तो काळ सरताच ग्रॅहॅम मॅके यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९९ मध्ये लंडनच्या रोखेबाजारात प्रवेश केला, २००२ मध्ये अमेरिकेतील मिलर ही कंपनी घेतली आणि पाहता पाहता ती जगातील दुसऱ्या क्रमांकाची बिअर-कंपनी झाली. मॅके यांची रीत स्थानिक नाममुद्रा विकत घेऊन त्या तशाच वाढविण्याची होती. २०१३ मध्ये त्यांनी सूत्रे ॲलन क्लार्क यांच्याकडे दिली व त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांच्या आतच, नोव्हेंबर २०१५ मध्ये, ही कंपनी आपल्याहून मोठ्या ॲनहॉयझर-बुश इनबेव्हला विकण्याचा करार झाला. हा व्यवहार शंभर अब्ज डॉलरांच्या घरातील होता आणि तो ऑक्टोबर २०१६ मध्ये पुरा झाला.

करार आणि त्याची पूर्तता यांच्या मधल्या अकरा महिन्यांत वाळूजला काय घडत होते, हे पाहिले म्हणजे मुख्यालयाचा इतिहास व कारखान्याचा इतिहास यांतील अंतर लक्षात येते. लागोपाठ दोन पावसाळे हुकले होते. जायकवाडीतील उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातून पाणी उपसणे चालू होते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. अशा वेळी गोदावरीचे पाणी बिअरसाठी द्यावे काय, हा प्रश्न वृत्तपत्रांतून, विधिमंडळातून आणि अखेर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आला. खंडपीठाने २६ एप्रिल रोजी मद्यनिर्मिती करणाऱ्या कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० टक्के व १० मेपासून ६० टक्के कपात करण्याचा आदेश दिला. तो २७ जूनपर्यंत लागू राहावयाचा होता. कारखान्यांच्या बाजूने सांगण्यात येत होते की जायकवाडीच्या एकूण पाण्यात त्यांचा वाटा अत्यल्प आहे, व आकड्यांच्या दृष्टीने ते खरेच होते. उसाशी तुलना केली तर बिअरचे पाणी नगण्य भरते. परंतु ज्या खेड्यात टँकर आठवड्यातून एकदा येतो तेथे टक्केवारीचा युक्तिवाद पोहोचत नाही. मोठा वाटा कोणाचा, हा प्रश्न बाजूला पडून कोणता वाटा डोळ्यांत सलतो, हा प्रश्न पुढे आला. त्यात काही अन्याय झाला असे म्हणता येईल. उसाला मात्र त्या वेळी कोणी खंडपीठापर्यंत तितक्याच तडफेने नेले नाही, हेही नमूद केले पाहिजे.

या प्रसंगी कारखान्याचा खरा मालक कोण, या प्रश्नाला सरळ उत्तर नव्हते. लंडनचा मालक जाण्याच्या वाटेवर होता, ल्यूव्हेनचा अजून आला नव्हता. मराठीत ‘मालक’ आणि ‘धनी’ हे शब्द दर्शनीय व्यक्तीचे वाचक आहेत. ज्याच्या दारात जाऊन गाऱ्हाणे घालता येते तो धनी. ‘भागधारक’ या शब्दाला ना चेहरा ना दार. याउलट ज्या शहराच्या नहरींना मलिक अंबराचे नाव चार शतके चिकटून राहिले, त्या शहराला पाणी देणारा आणि पाणी घेणारा कोण हे नावानिशी ठाऊक असण्याची सवय जुनी आहे.

नव्या स्वामीच्या आगमनाचा एक अनपेक्षित परिणाम मात्र घडला, आणि नेतृत्वबदलाने खरोखर काही बदलते याचा तो पुरावा ठरतो. भारतातील मोठ्या बिअर-कंपन्या आपापसांत भावांविषयी विचारविनिमय करून मग राज्य सरकारांकडे दरवाढ मागत असत. हा प्रकार ॲनहॉयझर-बुश इनबेव्हने, एसएबीमिलरचा ताबा घेतल्यावर, २०१७ मध्ये स्वतः होऊन भारतीय स्पर्धा आयोगापुढे मांडला. आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये छापे घातले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये निर्णय दिला. २००९ ते २०१८ या काळात महाराष्ट्रासह अनेक राज्यांत हा संगनमताचा व्यवहार चालला होता, असा आयोगाचा निष्कर्ष होता. युनायटेड ब्रुअरीजला सुमारे ७५२ कोटी व कार्ल्सबर्ग इंडियाला सुमारे १२१ कोटी रुपयांचा दंड झाला. ज्यांनी माहिती दिली त्यांना तो पूर्ण माफ झाला. अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०२२ मध्ये निर्णय उचलून धरला व प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे गेले. जुन्या माणसांना जो व्यवहार नित्याचा वाटत होता तो बाहेरून आलेल्याला धोक्याचा वाटला. त्यात नीतीचा भाग किती आणि दंड चुकविण्याच्या चातुर्याचा किती, हे ठरविणे कठीण आहे; दुसरा भाग लहान नसावा. कंपन्यांनी आपल्या बचावात एक मुद्दा मांडला होता, तो मात्र विचारार्ह आहे: जेथे भावच मुळी सरकारच्या संमतीने ठरतो तेथे स्पर्धा कशाची?

हायनेकेनमध्ये जून २०२० मध्ये डॉल्फ व्हान डेन ब्रिंक प्रमुख झाले. त्यांच्या आधी जाँ-फ्रान्स्वा व्हान बॉक्समेर यांनी पंधरा वर्षे विस्ताराचे धोरण चालविले होते. नव्या प्रमुखांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘एव्हरग्रीन’ नावाची योजना जाहीर केली. तिचा पहिला दृश्य भाग जगभरातील सुमारे ८,००० पदे कमी करणे हा होता. कार्ल्सबर्गने आपल्या योजनांना शिडाच्या जहाजावरून ‘सेल’ असे नाव दिले आहे. एक सदाहरित, दुसरे सागरगामी. दुष्काळी पठारावरील कारखान्याच्या भिंतीवर ही नावे जरा विसंगत वाटणारच. जून २०२१ मध्ये कर्जवसुली न्यायाधिकरणामार्फत विकले गेलेले मल्ल्यांचे भाग सुमारे ५,८२५ कोटी रुपयांना घेऊन हायनेकेनने युनायटेड ब्रुअरीजमधील आपला हिस्सा ४६.५ वरून ६१.५ टक्क्यांवर नेला. त्यामुळे १९४७ पासून चालत आलेले भारतीय नियंत्रण संपुष्टात आले. भारतातील कार्यकारी प्रमुखपदी २०२० मध्ये ऋषी परदल व २०२३ मध्ये विवेक गुप्ता आले.

या नव्या नेतृत्वाची पहिली मोठी कसोटी मराठवाडा एकेकाळी ज्या राजधानीला बांधलेला होता तेथे, हैदराबादेत, लागली. तेलंगणात सर्व बिअर राज्याच्या महामंडळाला विकावी लागते. २०१९-२० पासून न वाढलेला मूळ भाव व थकलेली देणी ही कारणे देऊन युनायटेड ब्रुअरीजने जानेवारी २०२५ मध्ये तेथील पुरवठा थांबविला. बारा दिवसांनी तो पुन्हा सुरू झाला. फेब्रुवारीत राज्याने कंपन्यांना देण्याच्या भावात १५ टक्के वाढ मंजूर केली.